मातीची नगरपालिका

ज्योतिराम इंगवलेचं पत्र आलं तेव्हा मधली सुट्टी चालू होती आणि मी नेहमीप्रमाणे वर्गातच पुस्तक घेऊन बसलो होतो. बाकीचे गुरुजी चहाला जात. चौघांत बसून काय बोलावं हे मला कधी सुचत नसे, त्यामुळे पुस्तक बरं पडे. शाळेच्या शिपायानं, सोपानानं, दारातूनच हाक मारली.

"गुरुजी, टपाल. कार्ड न्हाई, पाकीट हाय."

"माझंच आहे का, बघा नीट."

"या शाळंत दुसरं भोगले कोण हाय? घ्या आता. कुणी काय मागत न्हाई तुमच्याकडं."

पण मागितलं होतं. पत्र कुणा शाळकरी मुलानं गोल अक्षरात लिहून दिलं होतं.

"भोगले गुरुजींना ज्योतिराम इंगवलेचा नमस्कार. मी हिंगणवडी सोडली. आता बहिणीबरोबर तिच्या गावी मळ्यात राहतो. एक विनंती आहे. शालन दिवसभर तुमच्याकडं असायची. मी पहाटे निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची आणि परत यायचो तेव्हाही झोपलेली असायची. जागी शालन तुम्ही बघितली. ती वर्गात काय बोलायची, कुणाशी भांडायची, हसायची का, तेवढं मला लिहून कळवा. थोडं असलं तरी चालेल. मी वाचून घेईन कुणाकडून तरी."

शालन जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

त्याच संध्याकाळी मी उत्तर लिहायला बसलो. नमस्कार लिहिला, पत्र पोचलं असं लिहिलं आणि थांबलो. शालनबद्दल कुठूनही सुरुवात केली तरी मी एका सभेपाशी येऊन अडकत होतो. त्या सभेत ती जे बोलली ते तिच्या बापाला सांगावं की सांगू नये, हे मला ठरवता येईना. कागद घडी करून पुस्तकात ठेवला. उद्या लिहू म्हटलं.

हिंगणवडीच्या नगरपालिकेच्या शाळेत मी सहावीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं नगरपालिकेची कामं पाठ म्हणत. दिवाबत्ती, पाणीपुरवठा, रस्ते, जन्ममृत्यूची नोंद. म्हणताना पुढंमागं डुलत, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीही नसे. मी गावच्या वाचनालयात बसून गावं आणि शहरं कशी वसली याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. पण ते वर्गात सांगायला लागलो की माझा आवाज खाली जाई आणि मागच्या बाकावर गोट्या सुरू होत.

एकदा मी पुस्तक मिटून विचारलं, "हे आपलं गाव कसं सुरू झालं असेल?"

किरण दोशी उभा राहिला. पेठेतल्या कापडदुकानदाराचा मुलगा. सगळ्या प्रश्नांना उभा राहायचा. "सरकारनं सुरू केलं, गुरुजी."

"आणि सरकार कुणी सुरू केलं?"

"गावानं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसला.

उत्तर वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुलांना शाळेमागच्या मोकळ्या जागेत नेलं. काठीनं जमिनीवर एक लांब वळणाची रेघ ओढली.

"ही नदी. तुम्ही इथं नुकतेच राहायला आलात. माती आहे, पाणी आहे, घरं बांधा. पण गरज पडल्याशिवाय काहीही बांधायचं नाही. आणि भांडण झालं तर मी सोडवणार नाही."

"मारामारी झाली तर?" मंगल कुंभारनं विचारलं.

"तेवढी सोडवीन."

पहिल्या दिवशी सगळ्यांनी नदीला खेटून घरं बांधली. मग कुणाला तरी पूर आठवला आणि सगळी घरं मोडून वर आणली गेली. मंगलच्या हाताला माती ऐकायची, म्हणून अर्ध्या वर्गाची घरं तिनंच उभी केली. किरणनं जिथं दोन वाटा एकमेकींना छेदत होत्या तिथं दुकान टाकलं. आणि तिसऱ्या की चौथ्या तासाला मला हवं होतं ते भांडण झालं.

"ए मंगे, तुझ्या मोरीचं पाणी माझ्या दुकानात येतंय!"

"मग दुकान उचल की. मी आधी आलेय."

"गिऱ्हाईक कुठं बसवू? चिखलात?"

"तुझ्या गिऱ्हाइकाला पाय न्हाईत? उडी मारंल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी पुस्तकात डोकं घातलं. थोडा वेळ आरडाओरडा झाला, मग पाचजण लिंबाच्या सावलीत जाऊन बसले आणि परत येऊन त्यांनी सांगितलं की दोघांनी मिळून गटार काढायचं, आणि ज्याच्या दारातून ते जाईल त्यानं साफ ठेवायचं. मी घरी जाताना एकटाच हसत होतो. जे मला वर्षभर शिकवता आलं नव्हतं ते मोरीच्या पाण्यानं शिकवलं होतं.

त्यानंतर गाव भराभर वाढलं. बाजार आला, धर्मशाळा आली, नव्या आळ्या झाल्या. शाळा सगळ्यांत शेवटी बांधली, तीसुद्धा मी आठवण केली म्हणून. पंचांना झेपेना तेव्हा नगरपालिका आली. निवडणूक झाली आणि किरण नगराध्यक्ष झाला. विटांवर डबा ठेवून पाण्याची टाकी केली आणि पपईच्या पानांचे पोकळ देठ एकात एक घालून नळ टाकले. मग समित्या नेमायची सभा भरली.

"पाण्याचं काम झालं," किरण म्हणाला. "टाकीतनं नळात, नळातनं घरात. पुढचा विषय."

"आणि सोडणार कोण?"

शालन इंगवले बोलली होती. खिडकीशी बसणारी, सावळी, हडकुळी मुलगी. हसताना तोंडावर हात धरायची. तोपर्यंत या गावात तिनं फक्त एक घर बांधलं होतं, तेही कडेला.

"काय सोडणार?"

"पाणी."

"ते आपोआप येतं."

"आपोआप येत न्हाई," शालन म्हणाली. "माझे आण्णा सोडत्यात."

ज्योतिराम नगरपालिकेचा चावीवाला होता. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो गावभर फिरायचा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालून फिरवायची, की त्या आळीच्या नळांना पाणी यायचं. मग ते बंद करून पुढची आळी. गाव त्याला नावानं ओळखत नव्हतं. पाणी आलं नाही की मात्र सगळ्यांना तो आठवायचा.

सगळी कामं वाटून झाली होती, मुलांनी आरोग्य निरीक्षकसुद्धा नेमला होता. चावीवाला कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

"मग तूच हो चावीवाली," किरण म्हणाला. मुलं हसली.

"होते," शालन म्हणाली.

तिनं चिंध्यांचे बोळे करून प्रत्येक देठाच्या तोंडाशी बसवले. बोळा काढण्याआधी ओरडायची, "वरची आळी! भांडी लावा!" लहान होती तेव्हा ती बापाच्या खांद्यावर बसून गावभर फिरली होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. कुणी पुढं घुसलं तर भांडायचीही. "तुमची पाळी झाली. घागर उचला. वैनी, तुम्हालाच सांगतेय!" वैनी म्हणजे मंगल. ती लाजून घागर उचलायची.

त्याच दिवसांत एकदा शाळेला जाताना ज्योतिराम मला रस्त्यात भेटला. झाकण उघडून गुडघ्यावर बसला होता. मला बघून चावी तशीच धरून उभा राहिला.

"गुरुजी, पोरगी वर्गात तोंड उघडती का ओ?"

"उघडते."

"मला तर आवाज ऐकायला मिळत न्हाई तिचा. तिची आई गेल्यापासनं आत्याजवळ असती. परवा झोपंत बडबडली, 'घागर उचला वैनी.' आत्या म्हणाली, तापली का काय ही." तो हसला. "काय शिकवता तरी काय तुम्ही?"

मातीच्या गावाचं सांगायला हवं होतं. पण रस्त्यात, उभ्या उभ्या, कुठून सुरुवात करायची ते कळेना. "हुशार आहे," मी म्हणालो. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा खाली बसला.

त्यानंतरच्या सभेत विषय होता नवीन आळीला पाणी देण्याचा. तो मंजूर झाला. किरण सभा संपली म्हणणार तेवढ्यात शालन उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, मला बोलायचंय."

"तू सभासद न्हाईस. कर्मचाऱ्याला सभेत बोलता येत न्हाई."

ते त्याला मीच शिकवलं होतं. शालननं माझ्याकडं पाहिलं.

"कर्मचाऱ्याला अर्ज करता येतो," मी म्हणालो.

तिनं वहीचं पान फाडलं, मंगलच्या पाठीवर ठेवून दोन ओळी लिहिल्या आणि किरणला नेऊन दिल्या. त्यानं घसा साफ करून वाचलं. "चावीवाल्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी ही नम्र विनंती."

"सुट्टी कशाला?" कुणीतरी म्हणालं. "बोळा तर काढायचा असतोय."

"घरी राहायला."

"आणि त्या दिवशी पाणी?"

"त्या दिवशी न्हाई यायचं. आदल्या दिवशी भरून ठेवायचं."

"अगं बाई! आणि आमच्याकडं पाव्हणे आले म्हंजे?" मंगल म्हणाली.

"त्यांना भरल्यालं द्यायचं. पाव्हणे काय नळ बघायला येत्यात?"

मुलं हसली. शालन हसली नाही. मग ती एकदम बरंच बोलली, अर्ज सोडून. तिला थांबवावं हे किरणलाही सुचलं नाही.

"आधी गाव लहान होतं. एकाच जागी चावी फिरवायची. तवा आण्णा दुपारी घरी जेवायचे, मला मांडीवर घ्यायचे. मग गाव वाढलं. वरची आळी झाली, माळावरची झाली. आता तुम्ही आणिक एक केली. आळ्या वाढत्यात आणि चावीवाला एकच हाय."

ती कुठल्या गावाबद्दल बोलत होती ते मुलांना कळेना. ती मातीच्या घरांकडं बघायला लागली.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" किरणनं विचारलं.

शालननं हात वर केला.

"तुला मत न्हाई."

तिनं हात खाली घेतला. दुसऱ्या कुणाचा हात वर आला नाही. मंगलचा अर्धा आला होता, पण आजूबाजूला बघून तिनं त्या हातानं वेणी सारखी केली.

"नामंजूर," किरण म्हणाला. सभा इतकी रीतसर झाली होती की मला समाधान वाटत होतं.

घंटा झाल्यावर मुलं पळाली. शालन बोळे गोळा करत मागं राहिली.

"गुरुजी, खऱ्या गावातबी असंच असतं? हात वर करून?"

"असंच असतं."

"तिथं अर्ज कोण वाचतं?"

"नगराध्यक्ष."

तिनं थोडा विचार केला. "त्यांना मुलगी हाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरोखरच मला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी ती शाळेत आली नाही. घसा दुखतोय म्हणून आत्यानं घरी ठेवली, असं मंगलनं सांगितलं. तो घटसर्प होता. दुपारी शालनला श्वास घेता येईना तेव्हा आत्यानं शेजारपाजारची माणसं ज्योतिरामला शोधायला पाठवली. कडक उन्हाळा होता, नदी आटली होती, थोडं थोडं पाणी साऱ्या गावाला पुरवत तो धावत होता. माणसं वरच्या आळीला गेली तर तिथं नळाला पाणी आलेलं, आणि तो पुढं गेलेला. माळावर गेली तर तिथंही बायका पाणी भरत होत्या. सगळीकडं तो येऊन गेला होता. शेवटी नदीकडच्या रस्त्यावर सापडला. चावी तिथंच टाकून तो धावत घरी गेला, तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्याला म्हणाले, लवकर आणायला हवं होतं.

शाळा एक दिवस बंद राहिली. त्यानंतर काही दिवस मी नागरिकशास्त्राच्या तासाला इतिहासच शिकवला.

एकदा मधल्या सुट्टीत वर्गाच्या मागच्या खिडकीतून मला आवाज आले. मुलं लिंबाखाली गोल बसली होती. मी बोलावलं नव्हतं. किरण उभा होता.

"आज एकच विषय," तो म्हणाला. "चावीवाल्याला आठवड्यातून एक दिवस सुट्टी. बाजूनं कोण?"

सगळे हात वर गेले. किरणनं स्वतःचाही वर केला, अध्यक्षानं करायचा नसतो तरी.

"मंजूर."

कुणी उठलं नाही.

"कुठला वार?" मंगलनं विचारलं.

"रविवार."

"रविवारी तर समदी डोक्यावरनं न्हात्यात. पाणी जास्त लागतं."

"मग सोमवार."

"सोमवारी त्यांना चालंल का?"

"अर्जात वार लिहिला न्हाई तिनं."

"तवाच विचारायला पायजे होतं तिला," एक बारीक आवाज म्हणाला. मग मंगल रडायला लागली, आणि तिचं बघून बाकीची.

मी खिडकीतून मागं सरलो. ती मुलं पुन्हा त्या जागेत खेळली नाहीत. पपईचे देठ वाळून गेले.

ज्योतिराम काही महिने कामावर येत होता. आता तो झाकणापाशी बसलेला दिसला की मी दुसऱ्या रस्त्यानं जायचो. मग एक दिवस त्यानं चावी नगरपालिकेच्या कचेरीत नेऊन ठेवली आणि तो गाव सोडून गेला. त्यानंतर त्याचं ते पत्र.

काय लिहायचं होतं मी? तुमच्या मुलीनं तुमच्यासाठी एक दिवस मागितला होता, आणि तो मिळाला नाही? ज्या माणसाला सारं गाव शोधत होतं आणि जो वेळेवर सापडला नाही, त्याला हे लिहायचं? तेवढं गाळूनही मी लिहून पाहिलं. ती हुशार होती, शांत होती, अक्षर चांगलं होतं. पण ती कुणाचीही मुलगी झाली असती. पाकीट घेतलं की सभा आठवायची आणि सभा आठवली की पाकीट परत पुस्तकात जायचं. बदल्या झाल्या, निवृत्त झालो, पत्नी गेली. पुस्तकं या घरातून त्या घरात आली, त्यांच्याबरोबर ते पत्रही आलं.

गेल्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी वाकून माझ्या पाया पडलं. डोक्यावर पांढरे केस, अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

"ओळखलं का, गुरुजी? किरण दोशी. दोनदा नगरसेवक झालो. सगळ्यांना सांगतो मी, राजकारण मी मातीत शिकलो. भोगले गुरुजींच्या नगरपालिकेचा पहिला अध्यक्ष!"

मला फार बरं वाटलं. आम्ही गटाराच्या भांडणावर हसलो. मग मी विचारलं, "शालन आठवते का रे?"

"कोण शालन?"

"पाणी सोडायची. चिंध्यांचे बोळे."

तो आठवत राहिला. मनापासून आठवत होता. "पपईच्या देठांचे नळ होते, ते आठवतं. मंगल आठवते, परवा आजी झाली ती. पण पाणी सोडणारी... कुणी मुलगी होती का?"

"तिनं एक अर्ज दिला होता. तुम्ही मंजूर केलात."

"लई ठराव केले असतील ओ तेव्हा," तो हसून म्हणाला. "पोरंच होतो." मग माझा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं आणि मला खुर्ची आणून दिली.

त्याचा दोष नव्हता. अकरा वर्षांचा होता तो. पण घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं की जागी शालन आठवणारा मी आता एकटाच उरलो असेन, आणि मलाही हल्ली काल काय जेवलो ते आठवत नाही.

मी त्या रात्रीच लिहायला लागलो नाही. धीर व्हायला चार दिवस गेले. मग एका सकाळी टेबलाशी बसलो आणि सगळं लिहिलं. ती खिडकीशी बसायची. हसताना तोंडावर हात धरायची. "भांडी लावा" म्हणून ओरडायची तेव्हा तिचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. मंगलला वैनी म्हणायची. आणि ज्योतिराम, तिनं तुमच्यासाठी एक दिवस मागितला होता, तुम्ही घरी राहावं म्हणून. सभेनं तो आधी नाकारला, मग दिला. सगळ्यांनी हात वर केले होते. वार कुठला ते ठरलं नाही. तो तुम्ही ठरवायचा.

पोस्टातल्या खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"आजोबा, पिनकोड नाहीये."

"जुना पत्ता आहे."

तिनं संगणकावर गावाचं नाव शोधलं. "सापडलं. पण मोठं झालंय हो ते आता. नगरपंचायत झालीये तिथं. नुसतं नाव आणि मळा लिहून पोस्टमनला घर सापडेल का?"

"त्यांना विचारत जायला सांगा."

"आहेत ना ते तिथं?"

"माहीत नाही."

तिनं पेन उचललं. मग पिनकोड स्वतःच लिहिला, माझा पत्ता मागच्या बाजूला लिहून घेतला.

"साधं पाठवू की स्पीड पोस्ट? घाईचं आहे का?"

"हो," मी म्हणालो. "घाईचं आहे."

तिनं शिक्का मारला आणि पत्र पोत्यात टाकलं.